उघड्या पानांची साक्ष

माझी आई बालाघाटकडची. 1956 साली राज्यांची फेररचना झाली, विदर्भातले मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. पण आमच्या आजोळची मराठी काही त्यामुळे बंद पडली नाही. मामा भरवेलीच्या मँगनीज खाणीत कामाला होता. लहानपणी एका दिवाळीत आम्ही गोव्याहून तिकडे गेलो होतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मामाच्या क्वार्टरच्या ओसरीवर सतरंजी पडली आणि तीन पत्तीचा डाव रंगला. शेजारचे एक निवृत्त मुकादम मात्र खेळत नव्हते. ते भिंतीला टेकून बसलेले. भांडण झालं की निवाडा त्यांचा. त्यांचा शिरस्ता साधा होता. आधी पानांना कोणी हात लावायचा नाही, आणि मग ज्याने पाहिलं असेल त्याने बोलायचं.

"खाणीतही असंच असतं," मामा मला म्हणाला होता. "छताला तडा दिसला की ज्याला दिसला त्याने ओरडायचं. मोठा कोण, लहान कोण, ते मागाहून."

हे सगळं आठवलं ते 2014 सालच्या पणजीतल्या एका रात्रीमुळे. मामेभाऊ भरवेलीहून गोवा बघायला आला होता. मी त्याला दादा म्हणतो. त्याला कॅसिनो पाहायचा होता. गोव्याचा जुगारविरोधी कायदा 1976 चा. त्यात 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांसाठी आणि 1996 मध्ये किनाऱ्यापलीकडच्या जहाजांसाठी सवलत दिली गेली. किनाऱ्यापलीकडची म्हणवणारी ही जहाजं प्रत्यक्षात मांडवीतच नांगरून उभी, हा आणखी एक विनोद. 2020 पासून गोंयकारांना तिथे खेळायला मनाई झाली. तेव्हा तशी अडवणूक नव्हती, म्हणून दादाबरोबर मीही पोकरच्या टेबलावर बसलो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, मधे पाच पानं सगळ्यांची म्हणून उघडतात, आणि या सातांतून ज्याची पाच पानं सरस त्याचा डाव. इथे पैज खेळाडूंची आपसात असते. घर, म्हणजे कॅसिनो, जमलेल्या रकमेतून आपला वाटा घेतं. पानं वाटणारा डीलर घराचा नोकर, आणि वाद झाला तर निवाडा करणारा फ्लोअर मॅनेजरही घराचाच नोकर.

त्या डावात मी पानं आधीच टाकली होती. मधे बदामचा राजा, अठ्ठी आणि चव्वी, शिवाय इस्पिकचा गुलाम आणि किलवरची तिर्री. समोरच्या गृहस्थांनी राजा आणि गुलाम दाखवले, म्हणजे दोन जोड्या. दादाने बदामचा एक्का आणि सत्ती उघडी करून टेबलावर ठेवली. पाच बदाम झाले, डाव दादाचा. पण डीलरने फक्त एक्का पाहिला असावा. त्याने दादाची पानं टाकलेल्या पानांत ढकलली आणि सगळी रक्कम समोर सरकवली. अठरा हजार रुपये होते.

दादा अर्धवट उठला. फ्लोअर मॅनेजर आला, त्याने डीलरला विचारलं आणि निकाल दिला, "पानं गठ्ठ्यात गेली, डाव मेला. आपली पानं आपण सांभाळायची असतात, सर." दादाने कॅमेऱ्यातलं चित्रण पाहायला सांगितलं. "ते खेळाडूंसाठी नसतं." मग मॅनेजर माझ्याकडे वळला, "आपण पाहिलंत?"

मी पाहिलं होतं. बदामचीच पानं होती. पण सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं, खेळ थांबला होता, आणि मी म्हणालो, "बहुतेक बदामच होती."

त्या 'बहुतेक'वर निकाल कायम झाला.

पुढे मी नियम वाचून काढले. पोकर स्पर्धांच्या संचालकांची एक संघटना 2001 साली अमेरिकेत सुरू झाली. तिचे नियम पुष्कळ ठिकाणी प्रमाण मानतात. आपली पानं आपण सांभाळावीत, हे त्यात आहेच, मॅनेजर खोटं बोलला नव्हता. पण जिंकलेला डाव सरळ सरळ उघडा टेबलावर ठेवलेला असेल तर डीलरला तो मारता येत नाही, हेही त्यात आहे. आणि उघड्या पानांच्या वाचनात चूक होताना दिसली तर टेबलावरच्या कोणीही, डावात नसलेल्यानेसुद्धा, बोलावं असंही आहे. मुकादमांनी हे नियम न वाचताच पाळले होते.

कोर्टात जाणार कुठे? 1872 च्या करार कायद्याचं तिसावं कलम सांगतं की पैजेचा करार रद्दबातल असतो, पैजेत जिंकलेले पैसे मिळवायला दावा लावता येत नाही. म्हणजे ते हिरवं टेबल हेच खालचं कोर्ट आणि वरचंही.

महाभारतातली द्यूतसभा वाचताना आपण शकुनीवर चिडतो. पण द्रौपदीचा प्रश्न शकुनीला नव्हता, सभेला होता. आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावता येतं का? भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचं सांगितलं. स्पष्ट बोलला तो कौरवांतलाच विकर्ण. पूर्वी मला भीष्मांची कीव यायची. त्या रात्रीनंतर मला त्यांचं उत्तर ओळखीचं वाटू लागलं. तेही एक 'बहुतेक'च होतं.

आता कोणी विचारलं तर सांगतो. रक्कम हाती येईपर्यंत उघड्या पानांवरचं बोट काढू नका. चूक दिसली तर पुढचा डाव वाटण्याआधी, मोठ्याने सांगा. दुसऱ्याच्या बाबतीत दिसली तरी सांगा.

जेटीकडे परतताना होडीत दादा बराच वेळ गप्प होता. पणजीचे दिवे जवळ आले तेव्हा त्याने विचारलं, "तू पाहिलं होतंस ना?"

"हो."

"मग झालं," तो म्हणाला. पैशांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.