बाण

माझ्या उजव्या हाताची नोकरी पडद्यावरचा एक लहानसा बाण हलवण्याची. डीटीपी करणाऱ्यांचं पोट अक्षरांवर चालतं असं लोकांना वाटतं. ते खरंही आहे, पण ओळ उचलायची, चौकट ओढायची, शीर्षक केसभर वर सरकवायचं, हे सगळं त्या बाणानं. बाण ऐकेनासा झाला की पान अडतं, पान अडलं की फर्मा अडतो आणि प्रकाशकांचे फोन सुरू होतात. त्यामुळे बाण का बिघडला हे शोधण्यात माझं बरंच आयुष्य गेलं. कुणाला गडांचा नाद असतो, कुणाला देवळांचा. मला हा लागला.

नव्वदच्या दशकात मी सदाशिव पेठेतल्या एका डीटीपी सेंटरमध्ये कामाला लागले, तेव्हा पेजमेकर आणि श्रीलिपी एवढं येत असलं की नोकरी मिळायची. खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही असं मालकांचं ठाम मत. खिडकी मात्र सताड उघडी. श्रावण लागला की दिवाळी अंकांची गर्दी उसळायची आणि त्याच सुमाराला माऊस हटकून दगा द्यायचे. त्या माऊसच्या पोटात रबराची जड गोळी असे. तळाची चकती फिरवली की ती गोळी टपकन तळहातावर पडायची. आत दोन बारीक रूळ, एक आडव्या चालीसाठी, एक उभ्या. गोळी रुळांना फिरवते, रुळाच्या टोकाला खाचांची चकती, त्या खाचांतून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड आरपार जातो. उजेड किती वेळा तुटला ते मोजून बाण तेवढा सरकतो. रुळांवर काळ्या, मेणचट मळाची पट्टी चढली की मोजणी चुकायची. ती पट्टी नखानं खरवडून काढण्यात जे समाधान होतं, ते मला पुढे कुठल्याही दुरुस्तीत मिळालं नाही.

आणि दोष वाचता यायचा! बाण वर-खाली नीट जातोय पण आडवा अडखळतोय, म्हणजे कोणता रूळ मळलाय हे माऊस न उघडता सांगता येई. आमच्याकडे नव्यानं आलेल्या मुलांना मी आधी हे शिकवायचे, जोडाक्षरं नंतर.

हे दोन रूळ मुळात कुठून आले ते मला फार उशिरा समजलं. डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशनं १९६४ साली कॅलिफोर्नियात पहिला माऊस बनवला, त्यात गोळी नव्हतीच. लाकडी ठोकळा आणि त्याखाली एकमेकींशी काटकोनात बसवलेली दोन चाकं, थेट टेबलावर घासत जाणारी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टनं भर सभेत ते यंत्र चालवून दाखवलं. गोळी त्यानंतरची, पण आडवं वेगळं मोजायचं आणि उभं वेगळं, हे तत्त्व तेच राहिलं. बिघाड वाचता येण्याचं मूळ त्यात होतं.

मग तळातून लाल उजेड फेकणारे माऊस आले. हा माऊस टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला शेकडो चित्रं टिपतो आणि एका चित्रातून दुसऱ्यात किती सरकलो ते ताडतो. मळ गेला, रूळ गेले, आमची नखं मोकळी झाली. फक्त मालकांच्या टेबलावर काच होती. काचेखाली गणपती, एक जुनं कॅलेंडर आणि बँकेच्या मॅनेजरचं कार्ड. काचेवर त्या माऊसला पकडायला काही दिसेना, त्यामुळे बाण भरकटायचा. आम्ही वाचून झालेली प्रुफं खाली ठेवायचो. अक्षरांनी भरलेल्या कागदावर माऊस झकास चालतो, हा शोध पुण्यात त्या वेळी अनेक प्रेसमध्ये लागला असणार.

पुढे नोकरी सोडून मी घरून कामं घेऊ लागले आणि लॅपटॉप आला. टचपॅडशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. हलवायला काही नाही, दाबायला धड काही नाही, नुसती गुळगुळीत पाटी. तिची कुळकथा मात्र रंजक आहे. जॉर्ज गर्फाइड या अमेरिकन संशोधकानं १९८८ मध्ये हे तंत्र तयार केलं, आणि १९९४ साली ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेत ते बसलं. या धंद्यात नंतर मोठी झालेली सिनॅप्टिक्स ही कंपनी १९८६ मध्ये निघाली ती मेंदूच्या जाळ्याची नक्कल करणाऱ्या चिप बनवायला. तिच्या दोन संस्थापकांपैकी फेडेरिको फॅजिन म्हणजे १९७१ च्या इंटेल ४००४ या मायक्रोप्रोसेसरमागचा प्रमुख माणूस. एवढ्या थोरामोठ्यांचे हात लागलेली पाटी, पण खरवडायला काही नाही म्हणून मी तिच्यावर नाराज.

पाटीखाली बारीक वाहक रेघांची जाळी असते. बोट जवळ आलं की त्या रेघांची विद्युत धारणक्षमता किंचित बदलते. हा बदल इतका क्षुल्लक असतो की मोजणारी चिप सतत कान टवकारून बसलेली असते. बोटाचा दाब तिला मुळी कळत नाही, तिला तुमचं शरीर विजेच्या दृष्टीनं कसं आहे ते कळतं. म्हणून कणीक मळताना उठून ओल्या हातानं बाण हलवायला गेलं की तो सैरावैरा धावतो. पाण्याचा थेंबही तिला बोटासारखाच वाटतो.

वाईच्या सासरच्या घरी मुक्काम हलवल्यावर लॅपटॉपनं खरा रंग दाखवला. बाण एकाएकी उडी मारून कोपऱ्यात जायचा, पान आपोआप मोठं व्हायचं, न मागता यादी उघडायची. टाइप करताना तर कहर. ‘पायरी’ लिहायला घ्यावं तर ‘पा’ जागेवर आणि ‘यरी’ दोन ओळी वरच्या वाक्यात. इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक हाती होतं. त्याचे मुद्रितशोधक जुन्या वळणाचे. त्यांनी प्रुफावर लाल शाईनं एवढंच लिहून पाठवलं : ‘आपली प्रकृती ठीक आहे ना?’

मी माझ्या रीतीनं शोध सुरू केला. साधा माऊस जोडला, तो बिनचूक चालला. म्हणजे दोष पाटीच्या बाजूला. पाटी कोरड्या फडक्यानं पुसली. दोन-तीन बोटांच्या खुणा बंद केल्या, ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. मग पानं मोजायची स्टीलची पट्टी पाटीवर आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहिलं. हे मी भाच्याच्या लॅपटॉपवरून शिकले होते. त्याची पाटी हळूहळू वर आली, मग बटण दबेना, आणि तो बिचारा जोर लावून दाबत बसला होता. पाटीखालची लिथियमची बॅटरी फुगली होती. आत वायू साठल्यानं ती वरच्या पाटीला ढकलते. अशा बॅटरीला टोचायचं नाही, दाबायचं नाही, चार्जिंग तिथल्या तिथे थांबवायचं. माझी पट्टी मात्र चोख सपाट बसली.

पुण्याला गेले तेव्हा लॅपटॉप दुरुस्ती केंद्रात दाखवला. तिथे बाण सुतासारखा सरळ. माझ्या डोळ्यांदेखत एक उडी मारेना. तरीही तिथल्या तरुणानं टचपॅड बदलण्याचा अंदाजखर्च कागदावर लिहून दिला. न दिसलेल्या रोगावर इतक्या आत्मविश्वासानं शस्त्रक्रिया सुचवणारा मनुष्य मी फक्त तिथेच पाहिला. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि लॅपटॉप घेऊन परत आले.

निदान केलं ते वीज मंडळानं. पावसाचे दिवस, दुपारी लाइट गेले, आणि बाण जागच्या जागी शहाणा झाला. कितीतरी वेळ एक उडी नाही. लाइट आले, चार्जरचा दिवा लागला आणि पुन्हा तोच धिंगाणा. चार्जर उपटला, शांत. लावला, अशांत. डाव्या हाताचं मनगट लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर टेकवलं तर बारीक झिणझिण जाणवली.

चार्जर भिंतीतली २३० व्होल्टची वीज सेकंदाला हजारो वेळा कापतो आणि त्यातून लॅपटॉपला लागणारा कमी दाब तयार करतो. या कापाकापीचा गोंगाट तिसऱ्या, जाड पिनेतून जमिनीत जाऊन विरावा अशी योजना असते. ती वाट बंद असली तर चार्जरमधल्या गाळणीमुळे लॅपटॉपचं अंग मुख्य विजेच्या निम्म्या दाबावर तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा, म्हणून धक्का नाही, नुसती झिणझिण. पण मी शहाबादी फरशीवर अनवाणी बसलेली, म्हणजे जमिनीशी जोडलेली. कान टवकारून बसलेल्या त्या चिपला माझं एकच स्थिर बोट थरथरताना दिसणार नाही तर काय! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण खरोखरच वाकडं होतं.

वायरमन आला. त्यानं होल्डरमधला बल्ब आणि दोन तारा एवढंच अवजार काढलं. फेज आणि न्यूट्रलवर बल्ब लागला. फेज आणि अर्थवर लावला तर नुसता काळोख. घरातल्या एकेका सॉकेटवर तेच.

“काकू, अर्थिंगच नाही तुमच्या घरात.”

“असं कसं? तीन पिनांचे सॉकेट आहेत ना सगळे?”

“सॉकेट आहेत. मागं तार गेलीय कुठं ते बघावं लागंल.”

तार मोरीमागच्या भिंतीतून बाहेर येऊन हवेत लोंबत होती. पूर्वी ती नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली असे. जुन्या घरांत हीच सर्रास पद्धत, पाइप जमिनीत गेलेला म्हणजे अर्थिंग झालं. काही वर्षांपूर्वी गंजलेले पाइप काढून प्लास्टिकचे टाकले गेले. प्लंबरनं तार सोडली, पाइप बदलला, पैसे घेतले, गेला. प्लास्टिकला तार बांधून उपयोग नाही एवढं त्याला कळलं असावं, म्हणून ती बांधलीसुद्धा नाही.

इतका वेळ दारात उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, “तरीच फ्रीज चावतो.”

फ्रीज चावतो हे त्या नळ बदलल्यापासून सांगत होत्या. फ्रीजचं दार त्या पदरानं धरून उघडायच्या, वॉशिंग मशीनला हात लावताना पायाखाली लाकडी पाट घ्यायच्या. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतं म्हणून सोडून दिलेलं होतं. माझ्या पुस्तकाची ओळ दोन इंच वर गेली तेव्हा वायरमन आला. हा हिशोब काही चांगला नाही. झिणझिण लॅपटॉपला होती तशीच त्यांच्या बोटांना होती, फरक एवढाच की त्यांच्या बोटांमुळे फर्मा अडत नव्हता.

परसात खोल खड्डा घेतला. नळी उभी करून भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. कोळसा ओल धरून ठेवतो, मिठानं मातीतून वीज सुकर जाते. उन्हाळ्यात त्यावर बादलीभर पाणी ओतायचं, ते काम सासूबाईंनी तुळशीच्या पाण्यासोबत स्वतःकडे घेतलं. बल्ब फेज-अर्थवर लख्ख लागला, आणि मग मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. फेजनं गेलेली वीज न्यूट्रलनं पूर्ण परत आली नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी, कदाचित एखाद्या माणसातून, गळली, तर तो क्षणात पुरवठा तोडतो.  फ्रीज चावेनासा झाला. टचपॅड अजून तोच आहे, पुण्यातल्या अंदाजखर्चाच्या कागदावर मी किराणा लिहिला.

तुमच्या लॅपटॉपचा बाण नाचत असेल तर नवा टचपॅड मागवण्याआधी चार्जर काढून पाहा, आणि अंगाला झिणझिण लागते का ते मनगटाला विचारा. लागत असेल तर वायरमनला बोलवून प्रत्येक सॉकेटवर फेज-अर्थ बल्ब लावून घ्या. गिझर, फ्रीज, वॉशिंग मशीन यांची सॉकेटं आधी. घर जुनं असेल आणि नळाचे पाइप बदलायला काढले असतील, तर प्लंबर येईल त्याच दिवशी वायरमनलाही बोलवा.