बिअरवरचं पुस्तक निवडताना

डॉक्टरांच्या टेबलावर बिअर बनवण्याचं पुस्तक पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. मी स्वतः पीत नाही. पण "डॉक्टर, दारू नाही हो, फक्त एक बाटली बिअर," असं सांगणाऱ्या रुग्णांच्या केसपेपरवर मी कित्येक वर्षं 'कधीतरी बिअर' एवढंच लिहीत आलो.

त्यातल्या एकाचे लिव्हरचे रिपोर्ट बिघडले, तेव्हा मी पुस्तकं शोधली. पहिल्यांदा चुकलो. सुंदर फोटो, चवींची वर्णनं, आकडा एकही नाही. मग जॉन पामर यांचं 'हाऊ टू ब्रू' वाचलं. यीस्ट माल्टमधल्या साखरेचं अल्कोहोल करतं. आंबवण्याआधीची आणि नंतरची घनता मोजली, की अल्कोहोल किती झालं ते कळतं.

मग मीही हिशेब केला. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत 52 मिली शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये सुमारे 13 मिली. म्हणजे 'फक्त एक बाटली' चार पेगांएवढी!

तुम्हाला या विषयाची आवड असेल, तर प्रक्रिया आणि प्रमाण समजावणारं पुस्तक घ्या. बिअरला मुतखड्याचं औषध म्हणणारं पुस्तक दुकानातच ठेवा. आणि वाचून लगेच घरी पिंप मांडू नका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे.

पुढच्या वेळी मी विचारीन: बाटली केवढी, किती टक्क्यांची, आठवड्यातून किती वेळा? न लाजता सांगा. हे प्रश्न मी फार आधी विचारायला हवे होते.