अर्धी रेस

पूर्ण रेस द्यायला अंगठ्याला कष्ट पडत नाहीत. एटीव्हीच्या रेसची लिव्हर दाबली, ती हँडलच्या दांड्याला जाऊन टेकली की काम संपलं. पुढे जायला जागा नसते, आणि अंगठ्याला दांड्याचा टेका मिळतो. छळतं ते अर्ध्या रेसवर चालणं, त्याहून पाव रेसवर. तिथे अंगठा अधांतरी असतो. मागून स्प्रिंग ढकलत असते, पुढे आधार नसतो, आणि तेवढ्याच जागी, तेवढाच दाब देऊन, सुरूच्या बनापासून वळणापर्यंत आणि वळणापासून परत, त्याला स्थिर राहायचं असतं. हलणारा स्नायू दमतो तसा विसावतोही. ताणून एका जागी धरलेल्या स्नायूला रक्तच नीट पोहोचत नाही. आधी अंगठ्याच्या बुडाशी जळजळ होते, मग मनगटाच्या वरच्या बाजूला दोरी ओढल्यासारखं वाटतं, आणि मग अंगठा थरथरू लागतो. तो थरथरला की गाडी उचक्या देते. मी उचकी दिली की मागच्या सहा गाड्या एकमेकींच्या बुडाला लागायला येतात.

अलिबागजवळच्या नागावच्या पुळणीवर एटीव्ही चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. ओळीच्या पुढची गाडी ज्याची, त्याचा अंगठा पहिला जातो. आमच्या ऑटोमॅटिक गाड्यांत क्लच एका ठरावीक फेऱ्यांवर धरतो आणि त्याच्या खाली सोडतो. नवशिक्यांची ओळ घेऊन जायचा वेग नेमका त्या धरण्या-सोडण्याच्या काठावर येतो. थोडी जास्त रेस झाली तर मागची माणसं तुटतात, थोडी कमी झाली तर गाडी मान टाकते. २०२० पासून मांडव्याला रो-रो बोट आली, मुंबईची मंडळी मोटारीसकट अलिबागेत उतरू लागली, आणि शनिवार-रविवारी ही काठावरची चाल दिवसभराची झाली.

मोटरसायकलवाले म्हणतात, मग मुठीची रेस का बसवत नाही? आमच्यातल्या काही पोरांनी स्कूटरच्या मुठी बसवल्यासुद्धा. मला ते पटत नाही, आणि या एका बाबतीत मी हट्टी आहे. चार चाकांची गाडी खड्ड्यात उसळली की बसणारा मागे फेकला जातो. मागे फेकला जाणारा माणूस काय करतो? हातात असेल ते घट्ट धरतो. मूठ घट्ट धरून शरीर मागे गेलं की मनगट आपोआप वळतं आणि रेस वाढते. घाबरलेला माणूस गाडीला आणखी पळवतो, पळणारी गाडी त्याला आणखी घाबरवते. अंगठ्याच्या लिव्हरवर चार बोटांची पकड वेगळी आणि रेस वेगळी. जीव मुठीत धरताना अंगठा बहुधा सुटतो. तो सुटला की स्प्रिंग लिव्हर मागे आणते आणि गाडी मंदावते.

म्हणजे जी स्प्रिंग माझा अंगठा खाते तीच पर्यटकाचा जीव राखते. हे कोडं मी इतकी वर्षं सोडवतोय.

स्प्रिंग हलकी करणं हा सगळ्यांना पहिला सुचणारा उपाय. कार्बोरेटरचं झाकण उघडायचं, स्प्रिंग काढायची, दोन वेटोळी कापायची. अंगठ्याला स्वर्ग. पण आपण खाऱ्या वाऱ्यात आणि बारीक वाळूत काम करतो. केबलच्या आवरणात मीठ शिरतं, आतली तार गंजते, लिव्हरच्या डबीत वाळू बसते. नवी केबल असताना हलकी स्प्रिंग लिव्हर परत आणते. दिवाळीपासून होळीपर्यंत घासलेली केबल असली की आणत नाही. लिव्हर निम्म्यावर अडकून बसते, आणि गाडीवर ठाण्याहून आलेला एखादा मुलगा असतो ज्याला इंजिन बंद करायचं बटण कुठे आहे ते आठवत नसतं. पुळणीवर कापलेल्या स्प्रिंगा कोणाच्या गाड्यांत आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. नावं मी घेणार नाही. एवढंच सांगतो, की त्या गाड्यांचे मालक स्वतः कधी ओळ घेऊन जात नाहीत. खुर्ची टाकून पावत्या फाडतात.

मी केबलच्या मागे लागलो. दर आठवड्याला तेल, वळणं सैल, हँडल पूर्ण फिरवलं तरी केबल कुठे आवळणार नाही अशी वाट. माशांच्या ताणकाट्याने लिव्हर ओढून मोजायचा नाद लागला. चांगल्या केबलवर किलोभर, खराब केबलवर त्याच गाडीला जवळजवळ दुप्पट. तो जास्तीचा किलो स्प्रिंगचा नव्हे, गंजाचा. अंगठा दुखतो म्हणून स्प्रिंगला शिव्या देणाऱ्यांनी आधी केबल बदलून बघावी.

त्यानंतर लिव्हर. लांब लिव्हर बसवली की जोर कमी लागतो, पण अंगठ्याला जास्त अंतर जावं लागतं. तरफेचा हिशेब कुणाला चुकत नाही. लहान हाताच्या बायका आणि मुलं त्या लांब लिव्हरच्या टोकापर्यंत पोहोचतच नाहीत. डबीचे स्क्रू ढिले करून ती दांड्यावर थोडी खाली फिरवली, तेव्हा मात्र बराच फरक पडला. कंपनीकडून येते तशी डबी बहुतेक वेळा इतकी वर असते की अंगठा उचलून दाबावा लागतो. खाली आणली की अंगठा, मनगट आणि कोपर एका रेषेत येतात. तरी उजव्या वळणावर हँडल पोटाशी येतं, मनगट मुडपतं आणि सगळी रेषा मोडते. नागावला ओहोटीला परत फिरताना आम्ही वळतो ते उजवीकडेच, कारण डावीकडे कोरडी वाळू आणि चहाच्या टपऱ्या.

यातलं काहीच पुरलं नाही तेव्हा डॉक्टरकडे गेलो. त्यांनी अंगठा मुठीत घालायला सांगितला आणि मूठ करंगळीकडे वाकवली. मी ओरडलो. ते म्हणाले, हा द केर्व्हँचा आजार. १८९५ मध्ये त्या नावाच्या स्विस सर्जनने तो नोंदवला. अंगठा बाहेर ओढणाऱ्या दोन कंडरा मनगटापाशी ज्या बोगद्यातून जातात तो सुजतो. "तान्ही बाळं उचलणाऱ्या आयांना फार होतो," असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही. पुळणीवर माझ्या हाताचा लौकिक, आणि आजार बाळंतिणीचा. पण खरी गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. अंगठ्याच्या बुडाचा सांधा खोगिरासारखा असतो. चिमटीत टोकाशी एक किलोचा दाब दिला की त्या सांध्यावर साधारण बारा किलो येतो. माझ्या ताणकाट्यावरचा आकडा मी मनात बाराने गुणला आणि गप्प बसलो. वयानुसार त्या सांध्याची कूर्चा झिजते, ती परत येत नाही.

त्यांनी अंगठा धरून ठेवणारा पट्टा दिला. तो मी घरी घालत असे. वाळूवर पाय ठेवण्याआधी काढून खिशात टाकत असे. चहाचा ग्लास डाव्या हाताने घेत असे आणि कोणी विचारलं तर सवय म्हणून सांगत असे. माझा माज असा, की माझी ओळ वाळूवर सरळ उमटते. ओहोटीच्या ओल्या पुळणीवर चाकांच्या खुणा बघून लोक ओळखतात, ही याची. पहिल्या गाडीत उचकी नसली की मागचे सहाही नवशिके एकाच रेषेत येतात आणि वरून ड्रोनने फोटो काढणारी पोरं खूश होतात. त्या रेषेसाठी मी वर्षानुवर्षं अंगठा जाळला आहे, आणि आजही कोणी वाळूत गोल गोल फिरवून धुरळा उडवत गिऱ्हाईक गोळा करताना दिसला की मला त्याची कीव येते. पूर्ण रेस कोणालाही देता येते, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं आहे.

अंगठ्याच्या दुखण्यावर एक तोडगा माझ्या डोळ्यांसमोर होता. आमच्या प्रत्येक लिव्हरच्या डबीला एक लहान स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर तेवढ्यावरच अडते. मुलांच्या गाड्यांना आम्ही तो लावतो. पुढच्या गाडीला तो असा लावायचा, की ओळीचा जो वेग हवा तीच तिची पूर्ण रेस होईल. मग अर्ध्या रेसलाही टेका मिळतो. लिव्हर अडेपर्यंत दाबायची आणि अंगठा विसावू द्यायचा. मी लावून पाहिला. गाडी लोण्यासारखी चालली, संध्याकाळी हात दुखला नाही. तरी मी तो स्क्रू उलटा फिरवून मोकळा केला. ओळीतला एखादा पर्यटक बिथरून लाटांकडे निघाला तर पुढच्याने वळून त्याला गाठायचं असतं, आणि त्या क्षणी गाडीत जोर शिल्लक हवा. अंगठा वाचवायचा की जोर राखायचा, इथे येऊन मी नेहमी थांबत असे.

माझी पुतणी कॉलेज सांभाळून दोन हंगामांपासून येते. तिने आधी मला तिटकारा असलेली गोष्ट केली. अंगठा वापरायचाच नाही, तळहात थोडा बाहेर सरकवून अंगठ्याच्या बुडाच्या गादीने लिव्हर ढकलायची. भाकरी थापल्यासारखा हात दिसतो. मी म्हटलं, ही काय पद्धत? ती म्हणाली, "काका, सपाट पुळणीवर असं चालवायचं, उंचवटा आला की अंगठ्यावर यायचं. अदलाबदल करायची, एवढंच." पकड सैल होते हा माझा आक्षेप खरा आहे, आणि खडबडीत वाळूवर मी तिला अजूनही तसं करू देत नाही. पण सपाटीवर तिची ओळ माझ्याइतकीच सरळ येते. हे लिहिताना मला थोडं जड जातंय.

स्क्रूचं उत्तरही तिचंच. तिने विचारलं, पर्यटकाला गाठायचं काम पुढच्याकडेच का? पुढच्याची पाठ असते, त्याला उशिरा कळतं. शेवटच्या गाडीला सगळी ओळ समोर दिसते. पुढच्या गाडीला स्क्रू लावा, शेवटची मोकळी ठेवा. शेवटच्याला एकसारखी पाव रेस धरायची गरज नाही. तो मागे रेंगाळू शकतो, सोडू शकतो, लागेल तेव्हा पूर्ण दाबू शकतो. अंगठा हलत राहतो. हे इतकं सरळ होतं की मला आधी राग आला. कारण त्याचा अर्थ असा, की पुढे ती आणि मागे मी. ओळीच्या मागे चालणाऱ्याच्या चाकांच्या खुणा कोणी बघत नाही. त्या सहा जणांच्या खुणांत मिसळून जातात.

त्या आठवड्यात मी डाकार रॅलीची जुनी चित्रफीत पाहत बसलो. पोलंडचा राफाल सोनिक २०१५ मध्ये क्वाड, म्हणजे एटीव्हीच्या, गटात जिंकला तेव्हा ४८ वर्षांचा होता. दक्षिण अमेरिकेतली ती वाळू, एकेका दिवसाचे शेकडो किलोमीटर. त्याने हाताचं काय केलं असेल ते चित्रफितीत दिसत नाही. २०२४ नंतर त्या रॅलीतून क्वाडचा गटच काढून टाकला. बाजारातही आता शेजारी शेजारी बसायच्या, स्टिअरिंग आणि पायाच्या रेसच्या गाड्या येताहेत. पायाची रेस असलेल्या गाडीचं मला कौतुक नाही. तिच्यात बसणाऱ्याचं शरीर काही करत नाही. पण अंगठा गेलेल्या माणसाच्या मताला कोण विचारतो!

बॅटरीच्या एटीव्हीसुद्धा पाहिल्या. केबल नाही, गंज नाही, लिव्हर पिसासारखी. मला भीती वाटली. पिसासारखी लिव्हर म्हणजे अंगावर गार पाण्याची लाट आली तरी दाबली जाणारी लिव्हर. त्यांतली एक मात्र आवडली. तिची स्प्रिंग मुद्दाम कडक ठेवली होती. कोणीतरी विचार केलेला दिसला.

  

पुतणीचं ऐकलं, आता मी ओळीच्या शेवटी असतो. मागून सगळ्यांचे अंगठे दिसतात. कोण दमलं ते मला त्याच्या आधी कळतं. उजवा खांदा वर चढतो, कोपर बाहेर येतं, मान डावीकडे झुकते. तसं दिसलं की मी हॉर्न देतो, पुतणी ओळ थांबवते, आणि सगळे हात झटकून पाणी पितात. मी पट्टा बांधूनच बसतो. लोक विचारतात, मी सांगतो.

तुम्ही अलिबागेला किंवा कुठल्याही किनाऱ्यावर एटीव्हीवर बसणार असाल तर बसण्याआधी एक करा. इंजिन बंद असताना लिव्हर पूर्ण दाबा आणि अंगठा एकदम उचला. टक् असा आवाज होऊन ती मागे यायला हवी. हँडल डावीकडे पूर्ण फिरवून पुन्हा, उजवीकडे फिरवून पुन्हा. रेंगाळत आली, तर उतरा आणि पैसे परत मागा. गाडी माझी असली तरी.