आठशेला एस्टीमचं इंजिन

आज पिकाचं नाही, गाडीचं.

आपली जुनी मारुती ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ३७ एचपी. टोमॅटोचे क्रेट घालून नारायणगावला निघालो की चंदनापुरी घाटात रडायची. फिटर म्हणाला, "दादा, भंगारात एस्टीमचं इंजिन आलंय. १२९८ सीसी, चार सिलिंडर. बसवून देतो." बसवलं. माउंटिंग नवे केले, रेडिएटर मोठा टाकला, गिअरबॉक्स पण एस्टीमचाच. घाट अशी चढली की मला एकट्यालाच हसू फुटलं.

ब्रेक मात्र जुनेच. त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

एकदा परतताना मागे खताच्या चार गोण्या, शेजारी कारभारीण. आता पिकअप हाताशी, म्हणून उतारालाही मी दाबतच होतो. दोन-तीन वळणं झाली आणि पेडल मऊ लागलं. ब्रेक तापलेले. पुढं उसाची ट्रॉली. गिअर खाली टाकत, हँडब्रेक ओढत गाडी कडेच्या चारीत घातली. हिच्या कपाळाला तीन टाके.

३ एचपीच्या केबलवर ५ एचपीची मोटर लावून केबल जाळणारे आपणच की! तिथं निदान नुसती केबल जळते.

विम्याचं तर बोलूच नका. आरसीवर इंजिन नंबर जुना, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल चालतच नाही. क्लेम कोणत्या तोंडानं मागणार?

जुनं इंजिन परत बसवलंय. एस्टीमचं शेडमध्ये पोत्याखाली पडलंय. कारभारीण परवा बाजाराला एसटीनं गेली.