दंत महाविद्यालयाच्या खुर्चीत

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या १८ क्रमांकाच्या फलाटाकडून बाहेर पडले, की आपण पी. डि'मेलो रस्त्यावर येतो. जवळच सेंट जॉर्ज रुग्णालयाचे आवार आहे आणि त्याच आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय. येथे काय किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात काय, केसपेपर काढून आपण आत गेलात, की एक गोष्ट चटकन जाणवते : आरसा आणि चिमटा हाती घेऊन उभे असलेले बरेचसे चेहरे आपल्या नातवंडांच्या वयाचे आहेत. ‘‘आजी, आ करा,’’ असे म्हणणारा आवाज किंचित कापरा असतो.

तो कंप अज्ञानाचा असतोच असे नाही. दंतवैद्यकाची पदवी चार वर्षांची व त्यानंतर एक वर्ष आंतरवासितेचे. आरंभी विद्यार्थी फँटम हेडवर, म्हणजे कृत्रिम दात बसवलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर, हात बसवतो. पण पुतळ्याला लाळ सुटत नाही, त्याची जीभ मध्ये येत नाही आणि तो कधी ‘आई गं’ म्हणत नाही. तिसऱ्या वर्षी प्रथमच जिवंत माणूस खुर्चीत बसतो. खालचा जबडा बधिर करण्याचे इंजेक्शन घ्या. ज्या शिरेजवळ औषध सोडायचे ती डोळ्यांना दिसतच नाही. बोटाने हाडाचा अंदाज घेऊन सुई न्यावी लागते. अनुभवी डॉक्टरांचाही हा नेम कधी कधी चुकतो व दुसऱ्यांदा औषध द्यावे लागते. शिकणाऱ्याच्या मनावर त्याचे किती दडपण येत असेल!

शिवाय प्रत्येक टप्प्यावर अध्यापकांना काम दाखवून त्यांची सही घ्यायची, ठरावीक प्रकारचे उपचार ठरावीक संख्येने पूर्ण करायचे आणि परीक्षाही द्यायची. दंतविद्यार्थ्यांच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्यांना परीक्षा, ही संख्या आणि अध्यापकांचे शेरे हीच कारणे पुनःपुन्हा आढळली आहेत. रुग्ण मध्येच येईनासा झाला, तर अनेक दिवसांचे काम अपुरे राहते. आपल्याला तो एक चुकलेला हेलपाटा वाटतो. त्या मुलीची मात्र झोप उडते.

पूर्ण कवळीचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. प्रथम हिरड्यांचे प्राथमिक माप, मग त्या मापावरून बनवलेल्या खास ट्रेमध्ये अधिक नेमके माप, नंतर मेणाच्या कडांवर दोन्ही जबड्यांचा मेळ, त्यानंतर मेणात बसवलेले दात तोंडात घालून पाहणे आणि शेवटी कवळी. म्हणजे पाच खेपा झाल्याच. पुढे टोचणारी जागा घासून घेण्याच्या वेगळ्या. खासगी दवाखान्यापेक्षा येथे वेळ अधिक जातो, हे मान्यच केले पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते सोपे नाही, तेव्हा सोबत येणाऱ्याने पुढच्या तारखा आधीच विचारून ठेवाव्यात.

आपण फार समजूतदार होऊन वेदना मात्र गिळू नयेत. बधिरता आली नसेल तर स्पष्ट सांगावे. तोंड उघडे असताना डावा हात वर करण्याची खूण आधीच ठरवून घ्यावी. अध्यापकांना बोलवा, असे म्हणण्यात विद्यार्थ्याचा अपमान नाही. उलट त्यालाही हायसे वाटते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असल्यास पहिल्याच भेटीत सांगावे. हाडांच्या ठिसूळपणावरील औषधांचा उल्लेख बहुतेक जण विसरतात. दाढ काढण्यापूर्वी तो अत्यावश्यक आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून नेणे उत्तम. दहा प्रश्न विचारताना अडखळणाऱ्या विद्यार्थ्याचे निम्मे ओझे त्या पिशवीने उतरते.

मेणातले दात तोंडात बसवून पाहण्याच्या दिवशी काही विद्यार्थी साठपासून सत्तरपर्यंत आकडे मोजायला लावतात. त्यात ‘स’ वारंवार येतो आणि दातांची ठेवण चुकली असेल तर तो शिट्टीसारखा निसटतो. सावकाश मोजावे, शिट्टी वाजली तर तसे सांगावे. दात अजून मेणातच असतात, हलवता येतात.