गाडीत एक लिटर पाणी

दुधाच्या रिकाम्या कॅनमधून मी त्या माणसाच्या गाडीत पाणी ओतत होतो आणि तो चहाचा मग हातात धरून माझ्याकडे बघत होता. ऑक्टोबरातला रविवार, डर्बीजवळचं एक गाव, वरून भुरभुर पाऊस. त्या पावसात मी आणखी पाणी घालतोय म्हटल्यावर माझ्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्याला वाटलं असणार. गाडीचा कापडी टप मागे पाडला होता, सीट पुढे सरकवली होती आणि सीटबेल्टच्या खांबामागे बोट घालून एक भोक शोधलं होतं. त्यात बारीक धार सोडायची आणि मग गुडघे टेकून गाडीखाली बघायचं. मागच्या चाकाच्या जरा पुढे, जमिनीवर पाणी पडायला हवं. डावीकडे मस्त धार लागली. उजवीकडे एक थेंब नाही.

"तिकडे कधीच पाणी येत नाही," तो म्हणाला. जणू ही चांगली गोष्ट होती.

गाडी होती माझदा एमएक्स-५. ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो: दोन माणसांची, बुटकी, टप उघडणारी स्पोर्ट्स कार. १९६०च्या दशकात लोटस एलानसारख्या चिमुकल्या उघड्या गाड्या इंग्रजांनी केल्या. त्या दिसायला देखण्या, पण तेल गळणार आणि पाऊस आला की आत येणार. पुढे हा प्रकार जवळजवळ बंद पडला. मग हिरोशिमाच्या जपानी कंपनीने तीच कल्पना उचलली आणि १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी मांडली. २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये जगात एवढी खपलेली दुसरी नाही. म्हणूनच इंग्लंडात जुनी एमएक्स-५ गल्लीबोळात मिळते, आणि म्हणूनच त्यातली बरीचशी घेऊ नये अशी असते.

मी लेस्टरला राहतो. पन्नाशी ओलांडल्यावर ही हौस सुचली. बायकोने एकच प्रश्न विचारला, "वर्षातले आठ महिने पाऊस पडणाऱ्या देशात तू बिनटपाची गाडी घेणार?" तेव्हा मी काहीतरी उडवाउडवीचं बोललो. पण पुढचे दोन महिने जे काही बघितलं, त्यातलं निम्मं तिच्या त्या प्रश्नातच होतं.

आमचं घर रत्नागिरीचं. काकांकडे जुनी फियाट होती. तिच्या मागच्या पायपुसण्याखाली वीतभर भोक पडलेलं, त्यावर काकांनी प्लायवुड टाकलेलं. आम्ही पोरं ते प्लायवुड सरकवून खालून पळणारा रस्ता बघायचो. खाऱ्या हवेत पत्रा किती तग धरतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. इथे समुद्र साठ-सत्तर मैलांवर आहे, पण मीठ रस्त्यावरच येतं. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रात्री लॉऱ्या खडेमीठ शिंपडत जातात. चेशरमध्ये विन्सफर्डला त्याची मोठी खाण आहे. ते मीठ चाकांनी उडतं, गाडीच्या पोटाला चिकटतं आणि वसंत ऋतूपर्यंत तिथेच बसतं.

शेजारी एक निवृत्त म्हातारबुवा राहतात. त्यांनी आयुष्यभर एमओटी केली. तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीला इथे दरवर्षी ही तपासणी सक्तीची. ते म्हणाले, इंजिनाकडे नंतर बघ, इंजिन दणकट आहे. आधी गाडीत शिरलेलं पाणी जातं कुठे ते बघ. मग त्यांनी मला जे समजावलं ते मला फारच घरचं वाटलं, कारण ती सगळी कौलारू घराची गोष्ट होती. टपाचं कापड मागे जिथे गाडीच्या अंगाला मिळतं तिथे आतून एक पन्हळ असते. टपावरचं पाणी त्या पन्हळीत उतरतं, तिथून दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून खाली जातं आणि मागच्या चाकांपुढे बाहेर पडतं. झाडाखाली लावलेल्या गाडीच्या नळीत पानं, सुया, माती जमते. नळी तुंबली की पन्हळ वाहते. पाणी सीटमागच्या गालिच्यात आणि तिथून दाराखालच्या पोकळ पट्टीत जातं. ह्या पट्टीला इथे सिल म्हणतात. मी उंबरठा म्हणतो. उंबरठा आतून कुजत जातो. बाहेर मागच्या चाकाच्या कमानीपाशी रंगाला छोटासा फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. दोन्ही उंबरठे कापून नवे जोडायला मला एका गॅरेजने हजार-बाराशे पौंड सांगितले होते. काही गाड्यांची किंमतच तेवढी नसते.

पहिली गाडी बघायला गेलो तेव्हा हे सगळं विसरलो, कारण ती लाल होती. पहिल्या पिढीची, बटण दाबलं की जिचे दिवे बॉनेटमधून वर उठतात तसली. मालकाने ते दिवे दोनदा उघडमीट करून दाखवले. मी लग्न ठरल्यासारखा हसत उभा. नशिबाने सवयीने फोन काढला. इथे सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की आजवरच्या एमओटीचा सगळा पाढा फुकट वाचायला मिळतो: किती मैल झाले होते, कशात नापास झाली, कशाबद्दल ताकीद दिली. तीन वर्षांपूर्वीची नोंद होती, दोन्ही उंबरठ्यांना गंज. पुढच्या वर्षी नोंद नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. गंज हा काही सर्दी-खोकला नव्हे, आपोआप बरा व्हायला. दुरुस्तीचं बिल मागितलं तर, "मित्राने करून दिलं."

मग खिशातून मॅग्नेट काढलं. फ्रिजवरचं, हापूस आंब्याच्या आकाराचं. रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळलं आणि दारापासून मागे सरकवत नेलं. दाराखाली घट्ट चिकटत होतं. चाकापासून वीतभर अलीकडे आलं आणि आंबा टपकन खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. तिथे पत्रा नव्हताच; आपल्याकडचे डेंटिंगवाले जिला लांबी म्हणतात ती भरून, घासून, वर लाल रंग मारला होता. एमओटीवाल्याला गाडी खोलून बघायची मुभा नसते, त्यामुळे असलं काम खपून जातं. मी आंबा खिशात टाकला. मालक दिव्यांकडे बघत राहिला.

दुसऱ्या गाडीला पाच मिनिटं लागली. फोनवर बजावलं होतं की मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवला तर उबदार. "दूध आणायला गेलो होतो." असेलही. पण थंड इंजिन सुरू होताना टकटकतं का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, हे गरम केलेल्या गाडीत कळत नाही. परतलो.

आणि ही तिसरी. २००३ची, दुसऱ्या पिढीची, चंदेरी, १.८ लिटर, चेहऱ्याने तशी साधीच. बॉनेट गार. इंजिन सुरू झाल्यावर थोडं टकटकलं, मग गप्प झालं. दुसऱ्या पिढीत आणखी एक दुखणं असतं: पुढच्या चाकांच्या आत, गाडीच्या नाकाखाली चॅसीच्या ज्या दोन दांड्या आहेत त्या तिथे दुहेरी पत्र्याच्या असतात, आणि त्या दोन पत्र्यांमध्ये चिखल-मीठ अडकून बसतं. मी विजेरी घेऊन आडवा झालो आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. मडकं घेताना वाजवून घेतो तसं. खणखण वाजलं. उंबरठ्यांवर आंबा शेवटपर्यंत चिकटला. डिकीतला गालिचा उचलला (बॅटरी तिथेच असते, आणि तिच्याखाली पाणी साचलं तर ते महिनोन् महिने कोणाला दिसत नाही). कोरडा. टपाच्या कोपऱ्यात, जिथे कापड दुमडतं, तिथे बोटभर चीर होती. टायर चारही एकाच कंपनीचे होते. चार टायर चार जातीचे दिसले की मी मालकाबद्दल मत बनवून टाकतो, ते अन्यायाचं असलं तरी.

चालवून आणल्यावर चारही चाकांजवळ हात नेला. बरेच दिवस नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीचं मागचं ब्रेक कॅलिपर अडकतं आणि ते चाक इतरांपेक्षा जास्त तापतं. तसं नव्हतं. मग पाणी, आणि मघाशी सांगितलेली ती कोरडी उजवी बाजू. सीटमागच्या गालिच्यावर तळहात दाबला. हात ओला झाला.

कागद बघितले. इथे कागदावर ज्याचं नाव असतं तो गाडी बाळगणारा. गाडी त्याच्याच मालकीची असेल असं नाही. कर्ज बाकी असेल तर गाडी कर्ज देणाऱ्याची. ती चौकशी पैसे भरून आधीच केली होती. त्याने ३,२०० पौंड सांगितले. मी त्याला माझा ओला तळहात दाखवला आणि २,७०० म्हटलं. २,७५०ला तुटलं.

घरी आणून उजव्या नळीत गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हलके हलके घातली. तार घालायची नाही, हवेचा झोतही मारायचा नाही, नळी आत फाटते किंवा निसटते, असं म्हातारबुवांनी कुंपणापलीकडून दोनदा ओरडून सांगितलं. बराच वेळ काही नाही. मग काळ्या चिखलाचा गोळा पडला, पाठोपाठ देवदाराच्या सुया, केसांची एक पिन, आणि मग घाण वासाचं पाणी वाहतच राहिलं. गालिचा चार दिवस रेडिएटरवर वाळत टाकला होता. घरभर कुबट वास. बायको काही बोलली नाही, फक्त खिडक्या उघडत फिरली.

नोव्हेंबरात ऊन पडलेला एक दिवस मिळाला. टप पाडला, हीटर पायांवर सोडला आणि तिला घेऊन निघालो. तिने रत्नागिरीहून आणलेली सासऱ्यांची माकडटोपी घातली होती. चार्नवुडच्या चढावर वारा असा होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "उजवीकडून अजून पाणी हळूच जातंय हं. काल मी ओतून बघितलं."