नाताळचं पिल्लू



आमची लातूरची नात नाताळच्या सुट्टीत नांदेडला आली ती एकच हट्ट घेऊन. शाळेत सांताला चिठ्ठी लिहिली होती, "मला कुत्र्याचं पिल्लू हवं." सून म्हणाली, "आई, तुम्हीच समजवा."

मी तिला जीवंधरकुमाराची गोष्ट सांगितली. मरणाऱ्या कुत्र्याला त्याने णमोकार मंत्र ऐकवला आणि तो कुत्रा सुदर्शन यक्ष झाला. नात लगेच म्हणाली, "मग आपल्यात कुत्रा चालतो की!"

चालतो बाई. पण तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. पहिलाच बांधून ठेवण्याचा, शेवटचा उपाशी ठेवण्याचा. तिचे आई-बाबा नोकरीवर, ही शाळेत. पिल्लू दिवसभर फ्लॅटच्या कुलपात. मी बी.कॉम., हिशेब मांडला: कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो, सुट्टी दहा दिवसांची. ब्रिटनमधल्या एका श्वानसंस्थेलाही १९७८ मध्ये लोकांना सांगावं लागलं की कुत्रा नाताळापुरता नसतो, जन्मभराचा असतो.

पोर खूप रडली. सूर्यास्ताआधीचं ताटही तसंच राहिलं. सकाळी आपणहून म्हणाली, "आजी, बांधायचं नाही, पण पोळी तर द्यायची ना?"

आता गल्लीतल्या कुत्रीची पोळी आणि पाण्याचं भांडं तिच्याकडे. लस टोचलेली नाही, म्हणून दुरूनच ठेवायचं, हात लावायचा नाही. पिल्लाचं पुढे तिचे आई-बाबा ठरवतील. तोवर एका मुक्या जिवाची वेळ सांभाळायला ती शिकतेय.